वॉशरकाकांची सही

चूक वॉशरकाकांचीच होती, आणि मोजायला गेलं तर ती फक्त दीड फेऱ्याची होती. चांगल्या घड्याळाची चावी, म्हणजे बाजूची ती बारकी मूठ, नुसती आत दाबून भागत नाही. दाबायची आणि वर दीड फेरा पिळायची, तेव्हा कुठे पाणी बाहेर राहतं. काकांनी दाबली. पिळायची राहिली.

त्याआधीचं सगळं काम मात्र बोट ठेवायला जागा नाही असं केलं होतं. मागचं झाकण उघडलं, नवे रबरी वॉशर बसवले, टाचणीच्या टोकाएवढं ग्रीस लावलं, हवेचा दाब देणाऱ्या मशीनमध्ये घड्याळ ठेवलं आणि हिरवा दिवा लागेपर्यंत समोर बसून राहिले. मग चिठ्ठी लिहिली, ‘पाण्यात चालेल’, खाली सही. घड्याळ पिशवीत सरकवताना दिसलं की तारीख एक दिवस मागे आहे. सरलेला महिना तीसच दिवसांचा होता, पण ते घड्याळाला कोण सांगणार. ते आपलं एकतीसवर बसून होतं. काकांनी चावी उलटी पिळून ओढली, तारीख पुढे केली, चावी दाबली आणि तेवढ्यात बायकोचा फोन आला. “अहो, येताना पांढऱ्या दोऱ्याची दोन रिळं आणा, विसराल नाहीतर.” फोन ठेवला. रिळं लक्षात राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी घड्याळाच्या मालकीणबाई दुकानात आल्या. बाई तरणतलावावर पोहायला शिकवायच्या. आवाज असा की तलावाच्या या टोकावरून त्या टोकाच्या माणसाला धाप लागावी. पण त्या दिवशी त्या हळू बोलल्या. घड्याळ काउंटरवर ठेवलं आणि म्हणाल्या, “यात आता दोन मासे सोडा. काच आहे, पाणी आहे, वाया कशाला घालवायचं?”

काचेला आतून धुकं धरलं होतं आणि सहाच्या आकड्याखाली एक थेंब इकडून तिकडे लोळत होता. बावीस वर्षांचं घड्याळ. मागच्या खोलीतून काका बाहेर आले, त्यांनी चावीला नुसतं बोट लावलं, ती सैल लागली आणि त्यांना सगळं कळलं.

“वॉशर जुना झाला होता,” काका म्हणाले.

वॉशर आदल्या दिवशीचा होता. त्यांच्याच हातचा.

“जुनं घड्याळ म्हटलं की असं व्हायचंच, मॅडम,” दुकानाच्या धाकट्या मालकांनी तेच पुढे ओढलं. बाईंनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं, घड्याळ रुमालात बांधलं आणि निघून गेल्या. त्या कडाकडा भांडल्या असत्या तर काकांना बरं वाटलं असतं.

आता काकांविषयी थोडं. वय अठ्ठावन्न, त्यातली एकतीस वर्षं या दुकानात. दुकान दोन भागांत आहे. पुढे मखमली ट्रे, गुबगुबीत खुर्च्या, वासाचा फवारा आणि धाकटे मालक. मागे काचेच्या पार्टिशनपलीकडे सहा फूट बाय चार फूट, त्यात एक टेबल, दिवा, दाबाचं मशीन, एक गरम होणारी तबकडी आणि काका. डोळ्याला भिंग लावून लावून उजव्या डोळ्याभोवती एक गोल वळ पडलाय. तो सुटीच्या दिवशीही जात नाही. उजव्या अंगठ्याला गेली दोन वर्षं मुंग्या येतात. गुडघे तर स्टुलावरून उठताना असे वाजतात की पुढच्या गिऱ्हाइकाला वाटावं, आत काहीतरी दुरुस्त झालं.

वॉशरकाका हे नाव त्यांना कुणी ठेवलं नाही, त्यांनीच कमावलं. नळ गळो, कुकरची शिट्टी न होवो, शेजाऱ्यांची स्कूटर धूर सोडो, काका शांतपणे म्हणणार, “वॉशर गेला असेल.” थोरल्या मालकांच्या हृदयाची झडप बदलायचं ठरलं, तेव्हा सगळं दुकान तोंड पाडून बसलेलं असताना काका म्हणाले, “म्हणजे वॉशरच की.” थोरले मालक नंतर चांगली नऊ वर्षं जगले आणि प्रत्येक वर्षी ती गोष्ट स्वतः सांगत राहिले.

घरी दोन खोल्या, तिसरा मजला, लिफ्ट नाही. बायको पुढच्या खोलीत कपडे उसवून-शिवून देते. कुणाची कंबर वाढव, कुणाच्या पँटची उंची कमी कर. “माणसं जाड होतायत तोवर आपलं बरं चाललंय,” ती म्हणते. दोघंही दिवसभर बारीक काम करतात, त्यामुळे संध्याकाळी एकमेकांकडे बघतानाही डोळे बारीक करतात.

त्या थेंबानंतर काकांच्या हाताला काय झालं कोण जाणे, ‘पाण्यात चालेल’ हे दोन शब्द काही केल्या उतरेनात. मशीन हिरवं दाखवायचं, काका पेन उचलायचे, आणि कागदावर यायचं, ‘पाण्याची काळजी घ्यावी.’ साध्या घड्याळांवर खपलं. पण एका पाणबुड्याच्या घड्याळावर, ज्याच्या तबकडीवर कंपनीनंच तीनशे मीटर असं ठसठशीत छापलंय, तिथंही काकांनी तेच लिहून ठेवलं. गिऱ्हाईक चिठ्ठी वाचून म्हणालं, “मग मी याला आंघोळीला नेऊ का पावडर लावू?” आणि घड्याळ न घेताच गेलं.

“काका,” धाकटे मालक त्या दिवशी मागच्या खोलीत येऊन म्हणाले, “लोक इथं खात्री विकत घ्यायला येतात हो. शंका त्यांच्याकडे घरच्याच असतात.”

काका “हं” म्हणाले. गेल्या काही महिन्यांत ते बहुतेक सगळ्याला “हं” म्हणत होते. एकदा बायकोनं विचारलं, “काय झालंय तुम्हाला?” तेव्हाही “हं”च म्हणाले. तिनं पुन्हा विचारलं नाही. फक्त त्यांच्या शर्टाचं वरचं बटण न सांगता घट्ट करून ठेवलं.

चार महिन्यांनी बाई परत आल्या. आल्या त्या थेट काउंटरवर हात ठेवून म्हणाल्या, “तुमचा तो पाणी भरणारा माणूस आहे का अजून?”

मालकांनी ओळखलं. “काका ना? आहेत की मागे. पण काय हवंय ते मी दाखवतो ना, मॅडम.”

“तुम्ही विकाल. मला निवडून हवंय.” बाई खुर्चीत बसल्या. “माझ्या बॅचला पंचवीस वर्षं झाली. पोरांनी वर्गणी काढलीय. पोरं म्हणजे, सगळ्यात लहान एकसष्ट वर्षांचा आहे. मी साठीनंतरच्यांनाच शिकवते, तरुण लोक ऐकत नाहीत. तर पोरांचं म्हणणं, बाईंना क्रोनोग्राफ द्यायचा, बटण दाबून सेकंद मोजणारा, भारीतला, आणि पाण्यात घालता येईल असा. आणि ठराव असा झालाय की ज्यानं बुडवलं त्यानंच निवडून द्यावं.”

काका पार्टिशनच्या दारात उभे होते. त्यांना वाटलं, आपणच आत कुठंतरी सैल झालोय.

वर्गणीचं भारीतलं घड्याळ म्हटल्यावर धाकट्या मालकांच्या अंगात वारं शिरलं. त्यांनी शोकेसमधलं सगळ्यात दिमाखदार घड्याळ काढलं. गर्द निळी तबकडी, तिच्यात तीन छोट्या तबकड्या, सोनेरी कडा, बाजूला चावीच्या वर एक आणि खाली एक अशी दोन चकचकीत बटणं. वरचं दाबलं की सेकंद धावायला लागतात, पुन्हा दाबलं की थांबतात, खालचं दाबलं की शून्यावर. दोन वर्षं ते शोकेसमध्ये बसून होतं आणि मालक ते रोज सकाळी स्वतः पुसत.

“शंभर मीटर पाण्यात चालतं, मॅडम,” मालक म्हणाले.

“तलाव सव्वा मीटरचा आहे,” बाई म्हणाल्या. “उरलेलं मी कुठं वापरू? तुम्ही सांगा हो, काका. आणि यावेळी चिठ्ठी हवी. ‘पाण्यात चालेल’ अशी स्वच्छ. खाली तुमचीच सही.”

काका काही बोलायच्या आत मालक त्यांना खांद्याला धरून मागच्या खोलीत घेऊन गेले. आवाज खाली आणला. “हे बघा काका, या चिठ्ठीवर जर ‘काळजी घ्यावी’ आलं ना, तर मी मशीन काढून टाकतो. तपासणी बाहेर पाठवू. तुम्ही पट्टे नि बॅटऱ्या बघा. वयही झालंय, तेवढंच हलकं काम.”

मालक वाईट नव्हते. त्यांना खरंच वाटत होतं की हे काम हलकं आहे. काकांनी मशीनकडे पाहिलं. एकतीस वर्षांत या खोलीत त्यांचं म्हणावं असं तेवढंच होतं. पट्टे काय, कुणीही बदलतो.

बाहेर येऊन ते म्हणाले, “बाई, पाण्यात असताना बटण दाबाल का?”

“दाबू नको तर काय, त्याच्याकडे बघून मनात मोजू?”

“मग मला उद्या तलावावर येऊन बघावं लागेल.”

मालक खोकले. बाई म्हणाल्या, “सात वाजता या. चपला बाहेर काढाव्या लागतात.”

तलाव छपराखाली होता. औषधाचा वास, भिंतीवर एक मोठं घड्याळ, त्याचा सेकंदकाटा कधीच तुटलेला. काका पँट दुमडून, ओल्या फरशीवर पाय आखडून, काठाशी उभे राहिले. पाण्यात बाई छातीपर्यंत उभ्या, आणि त्यांच्या हातांवर उताणा झोपलेला एक निवृत्त कारकून. पोट पाण्याच्या वर आलेलं आणि चेहरा असा की कोऱ्या कागदावर सही करायला लावताहेत. बाईंचा डावा हात त्याच्या पाठीखाली, उजवा मानेखाली.

“कान बुडू दे. बुडला तर कान बुडेल, तू नाही,” बाई म्हणाल्या. “सोडते हं.”

हात निघाले. कारकून तरंगला. बाईंनी सवयीनं डाव्या मनगटाकडे पाहिलं. तिथं कातडीवर पांढरा पट्टा तेवढा राहिला होता. मग कारकुनाचे पाय खाली गेले, तो फुसफुसत उभा राहिला आणि पहिला प्रश्न, “किती?”

“नऊ सेकंद,” बाई म्हणाल्या. कारकुनाचा चेहरा उजळला. तो काठाकडे निघाला तो जवळजवळ ऐटीत.

बाई पाण्यातूनच काकांपाशी आल्या. “पाच असतील,” त्या हळूच म्हणाल्या. “चार महिने अंदाजानं ठोकून देतेय. आकडा कळला तर माणूस उद्या परत येतो, म्हणून सांगायचा. पण कंटाळा आलाय हो मला. जुन्या घड्याळातही कसरतच होती. काट्यावर डोळे ठेवले की माणूस बुडतो, माणसावर ठेवले की काटा निसटतो. म्हणून पोरं म्हणाली, बटणाचं घ्या.”

काकांनी त्यांना पुन्हा तसाच हात धरायला लावला. एकदा, दोनदा, चारदा. डाव्या तळव्यावर वजन आलं की मनगट मागे मोडत होतं आणि हाताची पाठ नेमकी तिथं टेकत होती, जिथं घड्याळाची चावी येते.

“हात असा वळला की चावीवर दाब येतो,” काका म्हणाले. “बटणंही त्याच बाजूला. आपोआप दाबली जातील.”

“म्हणजे त्या दिवशी चावी माझ्याच हातानं उघडली असणार!” बाईंनी कपाळावर ओला हात मारला. “आणि मी तुम्हाला मासे सोडायला सांगून आले.”

झालं. दार आयतं उघडं होतं. काकांनी फक्त “हं” म्हणायचं होतं, आणि “हं” म्हणण्यात तर त्यांचा हात कुणी धरला नसता. कुणाला कळलं नसतं, मालकांनाही बरं वाटलं असतं. काकांनी दुमडलेल्या पँटची घडी उगाच आणखी एकदा वर केली.

“नाही बाई,” ते म्हणाले. “पिळलेली चावी दाबानं उघडत नाही. मीच उघडली होती. तारीख मागे होती, ती पुढे केली आणि पुन्हा पिळायची राहिली. वॉशर नवा होता. त्याचं काही चुकलं नव्हतं.”

बाईंनी दोन्ही कोपरं काठावर टेकवली. पाणी काठाला लागून चुबुकचुबुक करत होतं.

“चार महिने त्या बिचाऱ्या वॉशरच्या नावानं बोंब मारलीत?”

“हो.”

“मला राग आलाय,” बाई म्हणाल्या. “पण आत्ता पाण्यात आहे, नीट चिडता येत नाही. निवडा काय ते.”

दुकानात येऊन काकांनी आधी शोकेसकडे पाठ केली. मग खालच्या कप्प्यातून एक काळं, जाडजूड, रबरी पट्ट्याचं घड्याळ काढलं. कंपनी नावाजलेली, किंमतही चारचौघांत सांगण्यासारखी, पण रूप असं की चार वर्षांत कुणी दुसऱ्यांदा बघितलं नव्हतं. त्याच्या पुस्तिकेत मात्र एक ओळ होती, जी फार थोड्या पुस्तिकांत असते: बटणं पाण्याखाली दाबता येतील.

“हे?” मालकांचा आवाज फुटला. “काका, शोकेसमधलं सोडून हे?”

“त्याला पाणी सोसतं, पण पाण्यात बटण दाबलेलं सोसत नाही,” काका म्हणाले. “बटण आत गेलं की त्याच्याबरोबर पाणीही जातं. मग बाईंनी काय करायचं, माणूस तरंगत ठेवून काठावर येऊन बटण दाबायचं? आणि हे उजव्या हातात घालायचं, म्हणजे बटणं कोपराकडे जातील, हाताची पाठ लागणार नाही.”

काका एवढं सलग बोलल्याचं मालकांना आठवत नव्हतं.

मग काकांनी जे केलं, ते कुठल्याही पुस्तिकेत नव्हतं. आधी तारीख लावली. मग चावी दाबून पिळली, आणि पिळली का ते दोनदा बघितलं. मशीनचा हिरवा दिवा पाहिला आणि त्यावर न थांबता प्लास्टिकचा टब पाण्यानं भरला, बाही कोपरापर्यंत सारली, घड्याळ धरलेला हात बुडवला आणि पाण्याखाली बटणं दाबायला सुरुवात केली. चालू, बंद, शून्य. चालू, बंद, शून्य. अंगठ्याला मुंग्या आल्या की हात बदलायचे.

“काका, धुताय काय?” मालकांनी पार्टिशनवरून डोकावून विचारलं.

“एकशे बारा,” काका म्हणाले.

पाचशेवर थांबले तेव्हा बोटं भिजून सुरकुतली होती. घड्याळ पुसून गरम तबकडीवर ठेवलं, तापू दिलं आणि काचेवर गार पाण्याचा एक थेंब सोडला. आत एवढंसं जरी पाणी असलं, तरी त्या थेंबाखाली धुकं धरतं. काकांनी भिंग लावलं. थेंब उचलला. काच कोरडी, स्वच्छ. ते तरीही बघत राहिले. भिंगाआड डोळा पाणावला, तेव्हा क्षणभर वाटलं धुकं आत आहे, मग डोळा पुसला आणि परत पाहिलं. काही नव्हतं.

बाई संध्याकाळी आल्या. बरोबर तो कारकून. त्यानं काळं घड्याळ उलटसुलट करून पाहिलं. “बाई, आम्ही भेट म्हणालो होतो, टायर नाही.”

“तू तरंगतोस तेव्हा तुझ्याकडे बघवतं का?” बाई म्हणाल्या. “मी बोलते काही?” आणि घड्याळ उजव्या मनगटावर बांधलं.

चिठ्ठी बाकी होती. काकांनी पेन उचललं. मालक पुढे गल्ल्यापाशी उभे होते आणि मुद्दाम रस्त्याकडे बघत होते. ‘पाण्यात’ लिहून झालं. पेन थांबलं. हात कोरडा असूनही कागदाला चिकटल्यासारखा झाला. बाई घाई करत नव्हत्या. त्या अशा उभ्या होत्या की जणू काकांच्या पाठीखाली हात धरलाय आणि आता काढणार आहेत.

‘चालेल,’ काकांनी लिहिलं. सही केली. मग खाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ घातली: ‘सहा महिन्यांनी दाखवावे. वॉशर तपासून देईन.’

“ही शंका का?” बाईंनी विचारलं.

“नाही, ही मी दिलेली जबान. तुम्ही नाही आलात तर मी तलावावर येईन.”

शोकेसमधलं निळं घड्याळ अजून तिथंच आहे. मालक अजून ते पुसतात. मशीन काढून टाकायचा विषय त्यांनी नंतर काढला नाही, काकांनीही विचारला नाही. पाणबुड्याच्या घड्याळांवर आता ‘पाण्यात चालेल’ येतं, साध्यांवर ‘काळजी घ्यावी’. काकांचा अंगठा अजून मुंग्या येऊन बधिर होतो. बायकोला त्यांनी एके दिवशी जेवताना चावीची सगळी गोष्ट सांगितली. ती म्हणाली, “म्हणजे माझ्या रिळांमुळे झालं म्हणा,” आणि त्यांना ते नाकारायला इतका वेळ लागला की ती रुसली.

सहा महिने होऊन गेले. हा आठवा. बाई आल्या नाहीत. कारकून एकदा आपल्या घड्याळाची बॅटरी बदलायला आला होता, तो सांगून गेला की आता त्याचे एक्केचाळीस सेकंद होतात, आणि ते खरे एक्केचाळीस असतात.

काकांनी टेबलाच्या काचेखाली तलावाचा नंबर लिहून ठेवलाय. रोज सकाळी दिवा लावला की तो दिसतो. दोनदा त्यांनी फोन उचललाही. पाणी शिरलं असतं तर बाई आल्याच असत्या, असं म्हणून ठेवून दिला. उद्या सात वाजता आपणच जाऊ, असं गेले दोन महिने ठरतंय. पण उद्या म्हणजे तीन जिने उतरायचे, तलावापर्यंत चालायचं, पुन्हा ओल्या फरशीवर उभं राहायचं, आणि मग ते घड्याळ उघडून आत बघायचं. एवढ्या लवकर एवढं सगळं गुडघ्यांना जमत नाही, असं ते बायकोला सांगतात. बायको शिवण खाली न ठेवता म्हणते, “गुडघ्यांना ना? बरं.”